दोन पूर्णवेळ नोकऱ्यांचा तो मेसेज अर्धवट आहे

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: "दोन पूर्णवेळ नोकऱ्या बिनधास्त करा, कायदा आड येत नाही, कंपनीला कळतही नाही." कृपया पुढे पाठवू नका.

कारखान्यात कायदा आड येतोच. १९४८च्या कारखाना कायद्याच्या कलम ६०नेच एका कारखान्यात काम केलेल्या दिवशी दुसऱ्या कारखान्यात काम करायला मनाई केली होती. नव्या श्रमसंहितेतही बंधन आहे. रात्रपाळी उरकून सकाळी दुसरीकडे प्रेस मशीनवर उभं राहायचं म्हणजे बोटं पणाला लावणं.

आयटीत नेमणूकपत्रातली दुसऱ्या नोकरीबद्दलची अट बघायची. विप्रोने २०२२मध्ये याच कारणावरून ३०० जणांना काढलं.

आणि कळत नाही कसं? पीएफचा यूएएन, म्हणजे खातेदाराचा कायमचा क्रमांक, माणशी एकच असतो. दोन्हीकडची वर्गणी एकाच महिन्यात तिथे दिसते. नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट (पगारातली करमुक्त रक्कम) दोन्ही कंपन्या वेगवेगळी धरतात, टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापला जाणारा कर, कमी कापला जातो आणि विवरणपत्र भरताना फरक व्याजासकट अंगावर येतो.

माझा भाचा इंदिरानगरात जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप मांडून बसायचा. दोन्हीकडे अकराचीच मीटिंग. गृहकर्जाचे हप्ते फिटले खरे, पण पोरगा रात्री दोनलाही जागाच असायचा.