बार्शी लाईटला खेळण्यातली गाडी म्हणू नका

परवा एका ग्रुपवर बार्शी लाईटचा, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या अरुंद रुळांच्या रेल्वेचा, फोटो आला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'किती गोड, खेळण्यातली गाडी!' राहवलं नाही म्हणून लिहितोय.

शाळेत आम्ही बोरीबंदर ते ठाणे, १८५३ पाठ केलं. पण आमच्याच सोलापूर जिल्ह्यात १८९७ साली काय घडलं, ते कुणी सांगितलं नाही. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) या रेल्वे कंपनीची मोठी लाईन बार्शीला वीसेक मैल बाजूला टाकून गेली होती. एवढी मोठी पेठ, आणि कापूस, गळिताचा माल बैलगाडीनं स्टेशनाला न्यायचा. पावसाळ्यात काळ्या रानात चाकं रुतली की संपलंच! एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंजिनिअर आधी त्याच जीआयपीत नोकरीला होता. त्यानं कंपनी काढली आणि कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले.

रूळ हलके होते, म्हणून स्वस्त पडले. पण हलक्या रुळांवरून जड माल न्यायचा कसा? कॅलथ्रॉपनं नियमच करून टाकला: इंजिन असो की वाघीण (मालाचा डबा), एका आसावर पाच टनांच्या वर भार पडता कामा नये. म्हणून इंजिनाची आठ चाकं एकत्र जोडली, मागे आणखी चार दिली. ही इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यातली. गाड्या इकडे धाडण्याआधी लीड्सजवळ तात्पुरती लाईन टाकून त्या चालवून दाखवल्या. आणि १९०४ साली इंग्लंडात लीक-मॅनिफोल्ड लाईन झाली, ती त्याच माणसाची, याच अडीच फुटी मापाची. म्हणजे बार्शीची अक्कल विलायतेला गेली. हे किती जणांना माहीत आहे?

१९०६ ला गाडी पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला, १९२७ ला मिरजेला. माझी आजी आषाढीला हिच्यातूनच जायची. डब्यात पाय ठेवायला जागा नसायची. मांडीवर भाकरीचं गाठोडं, आणि चढावर गाडी धापा टाकायला लागली की अख्खा डबा 'पुंडलिक वरदे'चा गजर करायचा, असं ती सांगायची.

पुढे या लाईनचं ब्रॉडगेज झालं ते योग्यच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तिची वाट होती मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. बार्शी लाईटनंच ही गावं एकमेकांना जोडली होती.

कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात ज्यांचे वडील, आजोबा कामाला होते, त्यांनी खाली जरूर लिहा. फोटो असतील तर तेही टाका.