शॉर्ट शिफ्टर बसवा, क्लच वाचवा म्हणे!

गाडीवेड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. आशय असा: मुंबईत मॅन्युअल गाडी चालवत असाल तर कंपनीचा गिअरचा दांडा काढा आणि शॉर्ट शिफ्टर, म्हणजे कमी हालचालीत गिअर टाकणारा दांडा, टाका. गिअर ४० टक्के कमी हालचालीत पडतो, म्हणजे हाताला ४० टक्के आराम. शिवाय पिकअप वाढतो, मायलेज वाढतं, क्लच वाचतो, गिअरबॉक्स जास्त टिकतो, काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये अर्ध्या तासात होतं आणि आरटीओचा याच्याशी काही संबंध नाही.

यातली हालचाल कमी होण्याची गोष्ट खरी आहे. बाकीचे दावे तिच्या खांद्यावर बसून आले आहेत.

आधी हाताचा आराम. गिअरचा दांडा म्हणजे साधी तरफ. मधे एक गोळा असतो, तोच टेकू. वरचं टोक आपल्या हातात, खालचं टोक केबलला, रॉडला किंवा थेट गिअरबॉक्सला जोडलेलं. शॉर्ट शिफ्टर टेकूच्या वरची लांबी कमी करतो, नाहीतर खालची वाढवतो; काही किट दोन्ही करतात. काही केबलवाल्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या बाजूचा छोटा हात बदलतात, पण तत्त्व तेच. गिअरबॉक्सच्या आतल्या फोर्कला, म्हणजे गिअर सरकवणाऱ्या काट्याला, मात्र पूर्वी जेवढं सरकावं लागायचं तेवढंच आताही सरकावं लागतं. म्हणून हाताचं अंतर घटलं की जोर वाढतो, आणि तो तेवढ्याच टक्क्यांनी वाढत नाही. अंतर ४० टक्के घटलं तर १ ला ०.६ ने भागा: जोर साधारण ६७ टक्के जास्त. ३० टक्के घटवणारं किट असेल तर ४३ टक्के जास्त. आखूड दांड्यांच्या अडकित्त्याने सुपारी फोडलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

किटच्या जाहिरातीत पहिला आकडा असतो, दुसरा नसतो.

आता हा जास्तीचा जोर मुंबईत कुठे लागतो ते बघा. संध्याकाळी घाटकोपरहून एलबीएस मार्गाने मुलुंडकडे निघालात तर तिसरा गिअर क्वचितच पडतो. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला, न्यूट्रल, पहिला. सिग्नलला थांबलेल्या गाडीत कधीकधी पहिला आत जातच नाही, कारण आतले दात बरोबर दातांसमोर उभे राहिलेले असतात. जाणता ड्रायव्हर क्लच जरा सोडून पुन्हा दाबतो किंवा आधी दुसरा दाखवून मग पहिला टाकतो. आखूड दांड्यावर हे अडणं जास्त जाणवतं, आणि मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत असताना माणूस युक्ती करत नाही, दांडा दामटतो. गाडी रांगत असताना दुसऱ्यातून पहिल्यात येणं तर सगळ्यात जड, कारण या दोन गिअरांच्या वेगांतला फरक सहसा सगळ्यात मोठा. नेमक्या त्याच ठिकाणी आपण तरफेचा फायदा काढून टाकलेला असतो.

खरं सांगायचं तर मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये दुखतो तो डावा गुडघा. हात दुखल्याची तक्रार मी तरी फारशी ऐकलेली नाही. गुडघ्यावर शॉर्ट शिफ्टरचा इलाज नाही. त्यासाठी ऑटोमॅटिक घ्यावी किंवा लोकलने जावं.

गिअरबॉक्स जास्त टिकतो, या दाव्याने मला सगळ्यात जास्त वैताग आणला. गिअर टाकताना आत काय होतं? जो गिअर हवाय तो आणि शाफ्ट वेगवेगळ्या गतीने फिरत असतात. त्यांची गती जुळवायला मधे सिंक्रोची रिंग असते. ती शंकूच्या आकाराच्या पृष्ठभागावर घासते, गती सारखी करते आणि मगच स्लीव्हला, म्हणजे गिअर शाफ्टला जोडणाऱ्या कड्याला, पुढे जाऊ देते. १९२८ मध्ये कॅडिलॅकने ही व्यवस्था आणली, त्याआधी डबल क्लच मारल्याशिवाय, म्हणजे एका बदलात दोनदा क्लच दाबल्याशिवाय, गिअर खरखरल्याखेरीज पडत नसे. या घासण्याला वेळ लागतो. सेकंदाचा छोटा हिस्साच, पण लागतो. दांडा आखूड केल्याने रिंगचं काम तसूभरही कमी होत नाही. उलट हात लवकर पोचतो, रिंगचं काम संपायच्या आत पोचतो, आणि आपण अधीर होऊन आणखी जोर लावतो. तेच काम कमी वेळात करायचं तर रिंगवर दाब जास्त.

शांत हाताने चालवणाऱ्याच्या गाडीत शॉर्ट शिफ्टरने गिअरबॉक्स बिघडेलच असं नाही, हेही सांगायला हवं. चांगल्या बनावटीचं किट, नीट बसवलेलं, घाई न करणारा चालक, तर वर्षानुवर्षं काही होत नाही. पण आयुष्य वाढायचं कारण त्यात कुठेच नाही. आणि तिसरा गिअर आधीच खरखरत असेल, तर रिंग झिजलेली असण्याची शक्यता मोठी. अशा गाडीत किट टाकणं म्हणजे दुखणं वाढवणं.

पिकअप. इंजिनाची ताकद तीच, गिअरचे रेशो तेच, गाडीचं वजन तेच. एका गिअरमागे सेकंदाचा दहावा भाग वाचला असं उदारपणे धरलं, तरी ताशी ५० किलोमीटरच्या वेगात तेवढ्या वेळात गाडी जाते जेमतेम १.४ मीटर. ट्रॅकवर प्रत्येक फेरी मोजणाऱ्याला त्याचं मोल असेल. सायन सर्कलला मोजायला कुणी बसलेलं नाही.

मायलेज आणि क्लच यांवर फार शब्द खर्च करण्यासारखं काही नाही. वरचा गिअर कमी आरपीएमला टाकला तर इंधन वाचतं, पण ते तुम्ही कधी टाकता यावर. दांडा वीतभर असो की हातभर. क्लच प्लेट झिजते ती अर्धा क्लच धरून ठेवल्याने, मॉलच्या पार्किंगच्या रॅम्पवर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलल्याने. गिअरचा दांडा क्लचला शिवतसुद्धा नाही.

मजकुरात एका धोक्याचा उल्लेखच नाही. स्वस्त किट बहुतेक वेळा दांड्याची पुढे-मागे हालचाल कमी करतात, डावी-उजवी तशीच राहते. हाताला सवय झालेल्या जागा बदलतात, दांडा कोणत्या गेटमध्ये, म्हणजे गिअरांच्या कोणत्या रांगेत आहे, याचा अंदाज चुकतो. अटल सेतूवर ताशी १००ची परवानगी आहे. समजा तुम्ही त्या वेगात पाचव्यात ३,००० आरपीएमवर आहात आणि चौथा टाकायला जाता तो दुसऱ्यात पडतो. साध्या पाच गिअरच्या हॅचबॅकमध्ये दुसरा आणि पाचवा यांच्या रेशोंत साधारण २.४ पटींचा फरक असतो. म्हणजे क्लच सोडताच चाकं इंजिनाला ७,००० च्या पुढे ओढतात. इथे रेव्ह लिमिटर, म्हणजे इंजिनाचे आरपीएम मर्यादेत ठेवणारी यंत्रणा, वाचवत नाही. तो इंधन तोडू शकतो, पण इंजिनाला फिरवणारी आता चाकं आहेत. व्हॉल्व्ह पिस्टनला आपटले तर बिल गिअरबॉक्सचं नाही, इंजिनाचं येतं. नवा दांडा बसवल्यावर पहिले काही दिवस खाली गिअर टाकताना मूठ घट्ट आवळू नये, तळव्याने ढकलावं. जुने चालक हे कुणी न सांगता करतात.

अर्ध्या तासात बसतो? गाडीवर अवलंबून. जुन्या जिप्सीत किंवा बोलेरोत दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर असतो. हात बसलेला मेकॅनिक दांड्याभोवतीचं आवरण (बूट) उघडून वरून काम उरकू शकतो. आडवं इंजिन असलेल्या आजच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडानमध्ये दोन केबल असतात, एक गेट निवडणारी आणि एक गिअर टाकणारी. तिथे सेंटर कन्सोल काढा, क्लिपा न तोडता केबलची टोकं सोडवा, आख्खी शिफ्टरची पेटी बाहेर घ्या, नवा दांडा बसवून पुन्हा न्यूट्रल जुळवा. गिअरबॉक्सच्या बाजूला हात घालायचा तर बॅटरी आणि एअर फिल्टरचा डबा आधी निघणार. घरी करणाराच असाल तर चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावा, कारण या कामात गाडी गिअरमध्ये ठेवून अडवता येत नाही. सगळं बसल्यावर इंजिन बंद ठेवून प्रत्येक गिअर टाकून बघा, मग इंजिन चालू करून क्लच दाबून पुन्हा. रिव्हर्स सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात नीट बघा: ज्या गाड्यांत रिव्हर्ससाठी नॉबखालची रिंग उचलावी लागते, तिथे आखूड दांड्यावर रिंग पुरेशी उचललीच जात नाही असं होऊ शकतं. शिवाय काही किटमध्ये सांध्यांत बसणाऱ्या रबराच्या बुशांऐवजी (छोट्या कड्यांऐवजी) धातूचे बुश येतात. गिअर टणक वाटतो खरा, पण इंजिनाची थरथरही थेट हातात येते. डिझेल गाडीत तर जास्तच.

बुशचा विषय निघालाच आहे तर थांबू. शॉर्ट शिफ्टर शोधत येणाऱ्या बऱ्याच लोकांना आखूड दांडा नकोच असतो. त्यांना हवा असतो ढिला नसलेला दांडा. सात-आठ वर्षं जुन्या गाडीत न्यूट्रलला दांडा हलवला की तो डोलतो, गिअर पडलाय की नाही कळत नाही. पद्मिनी टॅक्सी आठवते? स्टीअरिंगजवळचा तो दांडा, खाली रॉड आणि सांध्यांची साखळी, आणि दुसरा गिअर नेमका कुठे आहे हे फक्त त्या ड्रायव्हरलाच ठाऊक. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या, पण झिजलेल्या बुशचा डोल आजच्या गाड्यांतही तसाच आहे, फक्त कन्सोलखाली लपलेला. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर केबलची टोकं आणि सांधे गंजतात, मग दांडा डोलतोही आणि अडकतोही. यावर इलाज म्हणजे नवे बुश, केबल तपासणं आणि जुळवणं, सांध्यांना ग्रीस. ऑपेरा हाउसच्या किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या दुकानांत गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून बुश विचारा, किटपेक्षा कितीतरी कमी पैशांत काम होतं. गिअर ऑइल कधी बदललंय तेही बघा, आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच ग्रेड घाला. जीएल-४ (हा गिअर ऑइलचा दर्जा) सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये ‘वरचा नंबर म्हणजे भारी’ म्हणून जीएल-५ ओतणारे आहेत. त्यातली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगला मानवत नाहीत.

एवढं करूनही दांडा लांब वाटत असेल, हाताला ती ‘खट्’ अशी छोटी हालचाल आवडत असेल, तर जरूर बसवा. हौसेला हिशेब लागत नाही. मात्र ४० टक्क्यांचं नको, २० च्या आसपासचं घ्या. जोर साधारण २५ टक्केच वाढतो. आणि जोडीला जरा वजनदार नॉब, म्हणजे हाताच्या गतीत त्या वजनाची मदत मिळते.

आता आरटीओ. गिअरच्या दांड्याची लांबी आरसीवर लिहिलेली नसते, म्हणून हवालदार तो मोजायला येणार नाही, इतपत ठीक. पण ‘काही संबंध नाही’ हे फार धीटपणाचं विधान झालं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितलंय. प्रत्यक्षात अडचण येते ती बहुधा सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर. वॉरंटीत असलेल्या गाडीचा गिअरबॉक्स कुरकुरला आणि आत बाहेरचा दांडा दिसला, तर दावा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. तेव्हा वॉरंटी संपेपर्यंत थांबा, आणि मूळ दांडा, बुश, क्लिपा असं सगळं एका पिशवीत घालून जपून ठेवा. गाडी विकताना गिऱ्हाईक बहुधा तोच मागेल.