फाटक उघडलं, गाडी हलेना

भाच्याला कॉलेजात सिम्युलेशनचं, म्हणजे खऱ्या गोष्टीची संगणकावर नक्कल करायचं, प्रोजेक्ट मिळालं. विषय त्यानं निवडला आमच्या बेळगावातल्या टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट, कारण त्याचं निम्मं शिक्षण तिथं थांबण्यातच झालंय. त्यासाठीची तयार प्रोग्रामिंगची भाषा डोक्यात शिरेना, म्हणून सोपी भाषा मामानं करून द्यायची! घरात एक संगणकवाला असला की प्रिंटर झटकण्यापासून भाषा पाडण्यापर्यंत सगळं फुकटात होतं, अशी आमच्याकडं समजूत आहे.

कल्पना जुनीच. १९६१ साली आयबीएमच्या जेफ्री गॉर्डननं जीपीएसएस ही सिम्युलेशनची भाषा केली. ठोकळ्यांची माळ लावायची: आला, रांगेत लागला, जागा धरली, वेळ घेतला, जागा सोडली, गेला. मी तेच मराठीत घेतलं. घड्याळही तसंच ठेवलं. ते टिकटिकत नाही, एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारतं. ९ वाजून २ मिनिटांनी फाटक पडलं, ९ वाजून ११ मिनिटांनी उघडलं. मध्ये कुणी आलं-गेलं नाही तर ती नऊ मिनिटं संगणकाच्या लेखी नाहीतच.

"नाहीत कशी?" मेथी निवडता निवडता आई म्हणाली. "सगळं त्यातच तर होतंय की!"

आणि 'रांगेत थांब' ही आज्ञा ऐकून तर तिला हसू आवरेना. "रांगेत? आपल्या गेटला?"

मग ती सांगत गेली आणि मी भाषेत शब्द वाढवत गेलो. फटफटीवाला फाटकाखालून मान वाकवून पलीकडं जातो, म्हणून 'वाक'. रिक्षा उजवीकडून पुढं काढतात, म्हणून 'घुस'. एकजण इंजिन बंद करून कोथिंबीर आणायला जातो आणि नेमकं तेव्हाच फाटक वर होतं, त्याला 'गायब'. नॉर्वेच्या डाल आणि नायगार्डनी त्यांच्या सिम्युला या भाषेत 'क्लास' (साचा) आणि 'ऑब्जेक्ट' (त्या साच्यातला, आपलं वागणं सोबत बाळगणारा एकेक नग) कशाला आणले, ते मला तेव्हा पुरतं पटलं. प्रत्येक गाडीवाला स्वतःचा कायदा खिशात घेऊनच येतो.

रात्री प्रोग्राम चालवला. रेल्वे गेली, फाटक उघडलं आणि पडद्यावर अक्षरं आली: 'पुढील घटना शिल्लक नाही.'

"मामा, बग हाय."

ओळ न् ओळ तपासली. बग कुठला! अलीकडच्यांनी रस्त्याची पलीकडच्यांची बाजू अडवलेली, पलीकडच्यांनी अलीकडच्यांची. समोरचा सोडेल तेव्हा मी सोडीन, असं म्हणत सगळे समोरासमोर उभे. पुस्तकात याला डेडलॉक म्हणतात, आमच्याकडं सकाळचे साडेनऊ.

"एक हवालदार घाल त्यात," आईनं तोडगा काढला.

"पण आज्जी, तो मराठीत बोलणार का कन्नडात?"

"बोलायला कशाला लागतंय त्याला? शिट्टी दे की."