माल आत, मेल बाहेर

४० मिनिटांचा व्हिडिओ बघून आत्ताच उठलोय. शेवटी १० प्रश्न होते. सगळे बरोबर आले, मग पडद्यावर फुगे उडाले आणि मी आता सायबर-जागरूक झालो असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. ३१ वर्षं या कंपनीत बिलं पास करतोय, एक रुपया भलत्या खात्यात गेलेला नाही. प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलंय, ते वेगळंच.

आमची कंपनी भोसरीची, गाड्यांचे सुटे भाग करणारी. एप्रिलपासून आमचा मेल थेट आमच्याकडे येत नाही. एमएक्स रेकॉर्ड म्हणून एक प्रकार असतो. या कंपनीचं टपाल कुठल्या दारात टाकायचं, हे जगाला सांगणारी पाटी समजा. ती पाटी आमच्या आयटीनं एका सुरक्षा कंपनीच्या दारावर नेऊन लावली. आता सगळं टपाल आधी तिकडे जातं. ते फोडतात, आतल्या फायली हुंगतात, लिंका दाबून बघतात, आणि पटलं तर पुढे सोडतात. परवा एका पोर्टलचा पासवर्ड बदलायला मी लिंक मागवली, तर ती माझ्याआधी यांनीच दाबलेली. एकदाच चालणारी लिंक, ती संपली. आपलं टपाल दुसऱ्यानं फोडावं म्हणून आपणच माणशी पैसे मोजतो.

तर मंगळवारी अण्णा आले.

अण्णांची कोल्हापूरजवळ शिरोलीला फाउंड्री. बिडाची कास्टिंग देतात, १९ वर्षं देतायत. टेम्पोबरोबर स्वतः कधी येत नाहीत, या खेपेला आले. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे चार टोलनाके ओलांडून, खंबाटकीच्या बोगद्यातून दोन टन माल घेऊन अकराला गेटवर हजर. वजनकाटा झाला, इनवर्डचा शिक्का बसला, अर्ध्या तासात माल स्टोअरात. सोबत माझ्यासाठी गुळाची ढेप होती. तिच्यावरचं फडकं कुणी उचलूनही बघितलं नाही.

"काय ओ सायेब," खुर्चीत बसताबसता अण्णा म्हणाले, "मागच्या खेपेचं बिल काडलं न्हाई अजून?"

"बिल आलंच नाही, अण्णा."

"आलं न्हाई कसं? पोरानं चार येळा मेल टाकलाय की!"

"अडकलाय तो."

"कुटं?"

"क्वारंटाइनमध्ये."

अण्णांनी खुर्ची जराशी मागे घेतली. मग खालच्या आवाजात विचारलं, "शिक्का मारलाय का हातावर?"

२०२० च्या मार्चमध्ये सरकारनं डाव्या हातावर मतदानाच्या शाईनं शिक्के मारले होते. अण्णांच्या पुतण्याच्या हातावरही बसला होता, त्यामुळे हा शब्द त्यांना चांगलाच ठाऊक. मी म्हटलं, हे मेलचं क्वारंटाइन, १४ दिवसांचं.

"मग सोडत्यात?"

"नाही. मग पुसून टाकतात."

"आरं तिच्या! माणसाला तरी घरी सोडत हुते."

मग त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकची फाइल काढली आणि बिल माझ्यापुढे ठेवलं. नंबर, तारीख, जीएसटी, सही, शिक्का, वरच्या कोपऱ्यात सरकारी क्यूआर कोड. म्हणजे सरकारला हे बिल माहीत होतं. फक्त ज्यानं पैसे द्यायचे त्याला माहीत नव्हतं.

"ह्ये घ्या की मग."

घेता येत नाही. आमच्याकडे कागदी बिलं बंद झालीत. पुरवठादाराच्या मेलवरून आलेलं बिलच सिस्टीम चढवून घेते. मी स्वतः स्कॅन करून टाकलं तर म्हणते, पाठवणारा पुरवठादार नाही.

अण्णांनी बोटं मोजायला घेतली. "मी हाय. माल हाय. बिल तुमच्या हातात हाय. आन् तुमी म्हंतासा, आलं न्हाई."

मी आयटीच्या पोराला बोलावलं. पोरगा गुणी आहे, पण डॉक्टरसारखं आधी वाईट बातमी सांगतो. अण्णांच्या मेलचा विषय सगळा कॅपिटलमध्ये, त्यात 'अर्जंट' दोनदा. बिल झिप करून त्याला पासवर्ड लावलेला, त्यामुळे सुरक्षा कंपनीच्या चाळणीला आतलं दिसेना. (पासवर्ड वेगळ्या मेलनं पाठवला होता. तोही अडकला.) शिवाय खाली लिहिलेलं, आमचं बँक खातं बदललं आहे. आता मान्य करतो, ही शेवटची ओळ वाचून मीही दचकलो असतो. खातं बदलल्याचा खोटा मेल टाकून पैसे वळवणं हा जुना धंदा आहे. पण मी काय केलं असतं? फोन उचलून विचारलं असतं.

"आणि तुमच्या डोमेनला एसपीएफ नाही," पोरगा म्हणाला.

"त्यो काय असतोय?"

"तुमच्या नावानं मेल पाठवायचा हक्क कुठल्या सर्व्हरला आहे, त्याची यादी जाहीर करून ठेवायची असते."

अण्णांनी विचार केला. "म्हंजे मी मीच हाय, ह्याचा दाखला?"

"तसंच."

"तलाठ्याचा चालंल?"

पोरगा हसला नाही. मला मात्र यात हसण्यासारखं काही दिसेना. कारण ठगाकडे हा दाखला असतो. नवं डोमेन घ्यायचं, एसपीएफ आणि त्याचे भाऊबंद डीकेआयएम, डीमार्क सगळं चोख लावायचं, तासाभराचं काम. मेल त्याच डोमेनवरून आला, एवढंच त्यातून सिद्ध होतं; डोमेनवाला भला माणूस आहे की नाही, ते नाही. आणि आपली ऑफिसातली भाषा बघा. काइंडली डू द नीडफुल, मोस्ट अर्जंट, पेमेंट रिलीज करा. एकतीस वर्षं मी हेच लिहीत आलोय. लुबाडणाऱ्यांनी ती शैली आपल्याकडूनच उचलली की काय, देव जाणे.

तसा हा जाच आजचा नाही. १९७८ च्या मे महिन्यात डेक या संगणक कंपनीच्या एका विक्रीवाल्यानं इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना संगणकाची जाहिरात एकगठ्ठा पाठवली, तिथून नकोशा मेलचं हे सुरू झालं. मग चाळण्या आल्या, आणि १९९६ मध्ये इंग्लंडातल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातंच उघडता येईना, कारण गावाच्या स्पेलिंगच्या पोटात एक असभ्य शब्द बसलेला. आपल्याकडच्या दीक्षितांनी इंग्रजीत 'एक्स' घालून वेळीच सुटका करून घेतली ती बरी.

अण्णांचं मात्र घोडं अडलेलं. छोट्या कारखानदाराचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात धरत नाहीत. मंगळवार हा ३८ वा दिवस होता. अडकलेल्या मेलांची यादी रोज सकाळी येते म्हणे. ती ज्याच्या नावानं यायची, तो मे महिन्यातच नोकरी सोडून गेलाय. पहिला मेल केव्हाच पुसला गेला होता. चौथा तेवढा जिवंत होता.

आयटीच्या पोरानं सुरक्षा कंपनीकडे तक्रारीचं तिकीट टाकलं. "दोन तासांत सुटेल."

आम्ही तिघं माझ्या पडद्याकडे बघत बसलो. चहा झाला. मी दर मिनिटाला रिफ्रेश दाबत होतो. पाऊण तासानं टिंग वाजलं.

"आला, आला!" अण्णा उठून माझ्या खांद्यामागे आले. विषय होता, गणपतीपूर्वी पगार हवा असल्यास इथे नोंदवा. नाव आमच्या एचआरचं.

"बिल न्हाई व्हय," अण्णा म्हणाले. "पर चांगलंच हाय की. दाबा, दाबा."

मी दाबलं.

पडदा लाल झाला. आपण फिशिंगला बळी पडला आहात. आयटीचा पोरगा खिडकीतून पार्किंग बघायला लागला. खोट्या मेलला कोण फसतं ते बघायला तो सापळा त्यानंच लावला होता. आणि असे सापळे चाळणीत अडकू नयेत म्हणून सुरक्षा कंपनीला सांगून त्यांना वेगळी वाट काढून दिलेली असते, हेही त्यानंच मग मला सांगितलं, फार नम्रपणे. त्या दिवशी माझ्या टेबलापर्यंत विनासायास आलेला एकमेव मेल तो. संध्याकाळी साहेबांकडे अहवाल गेला: बिल विभागातील १ कर्मचारी. विभागात आम्ही दोघेच आहोत, आणि दुसरा रजेवर होता.

बिल शुक्रवारी सहाला आलं. उशीर झाला, कारण सुरक्षा कंपनीच्या उत्तराला अण्णांचा मूळ मेल जोडलेला होता आणि ते उत्तर त्यांच्याच चाळणीत अडकलं. मेलच्या वर पिवळी पट्टी: हा मेल बाहेरून आला आहे, पाठवणाऱ्याची खात्री करून घ्या. मी फोन लावून नव्या खात्याची खात्री करून घेतली, पैसे सोडले.

आज मी त्या व्हिडिओच्या सव्विसाव्या मिनिटाला होतो, तेव्हा अण्णांचा फोन आला. पैसे जमा झाल्याचं सांगायला असेल, म्हणून उचलला.

"त्ये पैशाचं आलं, मिळालं," अण्णा म्हणाले. "म्हटलं इचारावं, तुमचा पगार झाला का गणपतीच्या आदी?"