त्यातले तीन तुमचे

काल रात्री पावणेदहाला दाराची बेल वाजली. दारात शेजारचे काका. डाव्या हातात जांभळ्या उजेडाचा टॉर्च, उजव्या हातात काचेची बरणी, काखेत हातभर लांब चिमटा. कसं काय, बरं आहे ना, एवढं झाल्यावर त्यांनी बरणी माझ्या नाकासमोर धरली आणि म्हणाले, "आज एकूण अकरा. त्यातले तीन तुमचे."

बरणीत स्पिरिटात बुडालेले विंचू होते. लग्नघरी गच्चीवर झोपलेल्या पाहुण्यांसारखे, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून.

"माझे कोणते?" मी विचारलं.

का विचारलं, ते मला अजून कळलेलं नाही. शहाण्या माणसानं दार लावून घेतलं असतं. पण हे दोन शब्द तोंडातून गेले आणि तीन विंचू सातबारावर चढावेत तसे माझ्या नावावर चढले.

आम्ही जूनमध्ये न्यू जर्सीहून ॲरिझोनात, फीनिक्सला चिकटून असलेल्या चँडलरला आलो. मी चिप्सच्या कारखान्यात आहे. (बटाट्याच्या नाही. आईला हे दर फोनवर सांगावं लागतं.) जर्सीतले पुण्याचे मित्र म्हणाले होते, जूनमध्ये कोणी फीनिक्सला जातं का? मी हसलो होतो. मी नागपूरचा. नवतपात भर बारा वाजता क्रिकेट खेळलेला, सत्तेचाळीस डिग्रीत लग्नाच्या वरातीत नाचलेला माणूस. ऊन या विषयात आम्हाला कोणी शिकवू नये असं आमचं मत असतं आणि तो अभिमान आम्ही गावाबाहेर जरा जास्तच मिरवतो.

तिसऱ्याच दिवशी तो उतरला. दूध आणायला दुपारी दोन वाजता पायी निघालो, नागपुरी पद्धतीनं: तोंडाला दुपट्टा, डोळ्यांवर गॉगल, खिशात कांदा. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दहा मिनिटांनी एक गाडी शेजारी येऊन हळू झाली, काच बोटभर खाली आली आणि आतल्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला मदत हवी आहे का, की मी पोलिसांना बोलावू?" दोन्ही पर्याय त्यांनी एकाच मायेनं विचारले.

आणि हो, ते वाक्य. ऑफिसात, दुकानात, बँकेत, जो भेटेल तो सांगतो: "पण इथली हीट कोरडी आहे हं." अरे, नागपूरची काय रस्सा घालून असते? कोरड्या विहिरीत पडलं तरी ढोपर फुटतंच. २०२३ साली इथं सलग ३१ दिवस पारा रोज ११० फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या त्रेचाळीसला, पोचत होता किंवा पुढं जात होता. नळाच्या ज्या तोटीवर निळी खूण आहे तिच्यातूनही गरम पाणी येतं. सीटबेल्टची कडी उचलायला गाडीत स्वयंपाकघरातले हातमोजे ठेवावे लागतात. आयुष्यभर मी ज्याच्यासमोर झोपलो त्या पत्र्याच्या डब्याला नागपुरात डेझर्ट कूलर म्हणतात. आता प्रत्यक्ष डेझर्टात आलो, तर आमच्या वसाहतीत कूलर औषधालाही नाही. पाणी शिंपडलेल्या ताटीचा तो वास नाही, रात्रभराची घरघर नाही. एसी आहे. त्याचं बिल पाहिलं की मात्र अंग आपोआप गार पडतं.

असो. विंचवांकडे येतो. काका दारातच उभे होते.

"हा," चिमट्यानं बरणीवर टकटक करत ते म्हणाले, "आपल्या मधल्या भिंतीवर सापडला. तुमच्या बाजूनं माझ्या बाजूला येत होता."

"कशावरून? माझ्याकडे येत असेल."

"तोंड माझ्याकडे होतं."

"नांगी?"

"नांगी तुमच्याकडे. पण नांगी कधीच दिशा ठरवत नाही." हे त्यांनी, शाळेत मास्तर न्यूटनचा नियम सांगतात तशा आवाजात सांगितलं.

आमच्या दोन परसांमध्ये सिमेंटच्या ठोकळ्यांची सहा फुटी भिंत आहे. इथं सगळ्याच घरांना असते. ठोकळे आतून पोकळ असतात आणि दिवसभर विंचू त्या पोकळीत सावलीला बसून असतात. म्हणजे भिंत कायद्यानं अर्धी माझी (खरं तर माझ्या घरमालकाची), अर्धी काकांची, आणि आतून सगळी त्यांची. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात एका सीताफळाच्या फांदीवरून दोन चुलत घरं अकरा वर्षं बोलत नव्हती. फांदी भिंतीपलीकडे गेली तर फळ कोणाचं, यावर आजोबांनी वकील लावला होता. त्या रक्ताचा मी. तरी भिंतीवरचा विंचू कोणाचा, यावर मला एकही मुद्दा सुचेना.

"दुसरा तुमच्या कचऱ्याच्या डब्याखाली होता," काका पुढं म्हणाले. "त्यावर तुम्ही वाद घालणार नाही असं मी धरून चालतो."

"तुम्ही माझ्या डब्याखाली कशाला गेला होतात?"

"तुम्ही जात नाही म्हणून."

यावर काय बोलणार?

"आणि तिसरी ही. मादी." त्यांचा आवाज थोडा खाली आला. बरणी दिव्याकडे कलती करून त्यांनी दाखवली. पाठीवर तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी पिल्लं, एकाला एक लागून. काही सुटून तळाशी गेली होती. "पिल्लं मी मोजत नाही. ते तुमच्यावर अन्याय केल्यासारखं होईल."

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण मी लहानपणापासून ऐकतोय. आठ वर्षांत आमची पाच घरं झाली, तर आई दर वेळी तीच म्हणते. ते खरोखर असं दिसतं हे माहीत नव्हतं. पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवरच राहतात, असं काकांनी सांगितलं. त्या मादीबद्दल एक क्षणभर मला भलतंच वाईट वाटलं, आणि मग आत झोपलेली आमची तीन वर्षांची चिऊ आठवली आणि वाईट वाटणं थांबलं.

काकांनी मग खिशातून वही काढली. हो, वही आहे. तारीख, भिंतीची बाजू, आकडा. चाळीस वर्षांपूर्वी ते मिनेसोटातून, बर्फाला कंटाळून इकडे आले. बर्फ फावड्यानं काढावा लागतो, ऊन काढावं लागत नाही, हे त्यांचं तत्त्वज्ञान. आता रोज रात्री ते जांभळा टॉर्च घेऊन परसात फिरतात, कारण त्या उजेडात विंचू हिरवट निळे चमकतात. दिवसा मातीच्या रंगाचा, पिवळट, दिसता दिसत नाही असा हा प्राणी त्या टॉर्चखाली गणपतीच्या मांडवातल्या रोषणाईसारखा उजळतो. का चमकतात, यावर शास्त्रज्ञांचंही अजून एकमत नाही. काकांचं आहे. काकांच्या मते ते त्यांना सापडावेत म्हणून चमकतात.

"तुमच्या आधीच्या भाडेकरूच्या वेळी," वहीत बोट घालून काका म्हणाले, "रात्रीची सरासरी चार होती. तुम्ही आल्यापासून आठच्या वर. मी आरोप करत नाही. मी फक्त आकडा सांगतोय. तुम्ही त्या चादरीवर काय वाळत घालता?"

आता इथं मला आईबद्दल सांगायला हवं. ॲरिझोनात घड्याळ पुढंमागं करत नाहीत. उन्हाळ्यात संध्याकाळचं ऊन आणखी एक तास कोणाला हवं? त्यामुळं भारताचं आणि आमचं अंतर बारमाही साडेबारा तास. आमचे रात्रीचे दहा म्हणजे आईचे सकाळचे साडेदहा, तिचा चहा झाल्यावरची फोनची वेळ. आल्याआल्या मी तिला कौतुकानं तापमान सांगितलं, तर ती हळहळली. "एवढं ऊन! आन्‌ तू काय करून राहिला तिथं? वाया चाललं ना बाप्पा सगळं!" तिच्या लेखी ऊन म्हणजे गॅसच्या सिलिंडरसारखी गोष्ट. चालू ठेवून बाहेर निघून जायचं नसतं. शेवटी तिच्या देखरेखीखाली, फोन बादलीला टेकवून, आम्ही मुगाची डाळ वाटली आणि परसात चादरीवर मूगवड्या घातल्या. सकाळी आठला घातलेल्या वड्या अकराला खडखडीत. आई इतकी खूश झाली की तिनं कुरडयांचा विषय काढला.

दुसऱ्या घाण्याच्या वेळी इथला मान्सून आला. इथं मान्सूनला सरकारी तारखा आहेत, १५ जून ते ३० सप्टेंबर. एवढ्या दिवसांत फीनिक्सला सरासरी अडीच इंचही पाऊस पडत नाही, पण शब्द तोच वापरतात, बिनदिक्कत. आमच्या वाट्याला पाऊस आलाच नाही. धुळीची भिंत आली, हबूब म्हणतात तिला, आणि वड्यांना ॲरिझोनाची माती लावून गेली. त्या फेकवेनात म्हणून मी दोन दिवस तशाच चादरीवर ठेवल्या.

हे सगळं काकांना कसं सांगणार? मी म्हटलं, "डाळ. खायची."

"तरीच." त्यांनी वही मिटली. "डाळीवर रातकिडे येतात. रातकिड्यांवर विंचू. तुम्ही तिथं खानावळ चालवताय."

मला राग आला तो या वाक्याचा. आईच्या मूगवड्यांना खानावळ! आणि त्याहून जास्त याचा, की म्हातारा बरोबर होता. फवारणीवाला माणूसही हेच सांगून गेला होता. त्याच्या औषधानं विंचू सहजी मरत नाहीत, झुरळं-रातकिडे मरतात, म्हणजे विंचवांचं अन्न तुटतं. उपाशी मारायचे. आणि हा प्राणी महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो, हेही त्यानंच सांगितलं, पैसे घेतल्यावर. घरमालकाला फोन केला, तर त्यानं भाडेकरारातलं कलम वाचून दाखवलं. गळकं छत त्याचं, विंचू माझे. आमच्या आधी राहणाऱ्यांना होते का, विचारलं, तर म्हणाला, "त्यांनी कधी तक्रार केली नाही." घर दाखवताना त्यानं पोहण्याचा तलाव दाखवला, कम्युनिटी हॉल दाखवला, अर्धा तास एसीचं कौतुक केलं. विंचू हा शब्द एकदा उच्चारायला किती वेळ लागला असता?

इथला हा झाडावर चढणारा विंचू मोठ्या माणसाला डसला तर बहुधा एक रात्र बोंबलण्यावर निभावतं. लहान मुलांचं तसं नाही. त्यावरचं औषध इथं २०११ पासून सरकारमान्य आहे, पण त्याच्या बिलांच्या गोष्टी ऐकल्यावर विंचू त्यातल्या त्यात माणुसकीचा वाटतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी आपल्याकडच्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी वापरून माणसं वाचवली, कोकणात, तालुक्याच्या गावी बसून. हे मी ऑफिसात सांगितलं. ऐकणारा म्हणाला, "इंटरेस्टिंग. पण तिथली हीट दमट ना?"

आणि उन्हाबद्दल मी कितीही टवाळी केली तरी एक आकडा घशात अडकतो. ज्या २०२३ चे ते ३१ दिवस, त्या वर्षी या एका मॅरिकोपा काउंटीत उष्म्यानं ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यात रस्त्यावर राहणारी माणसं पुष्कळ. डांबरावर पडून नुसत्या स्पर्शानं भाजलेली माणसं इथल्या दवाखान्यांत दर उन्हाळ्यात येतात. आम्ही एसी गाडीतून एसी घरात येतो आणि सीटबेल्टच्या कडीची तक्रार करतो. कोरडी हीट म्हणणाऱ्यांचं दार असंच बंद असतं, म्हणून त्यांना ती कोरडी वाटते.

तर काका. त्यांनी मग माझ्या पायरीवर बसून, पोर्चच्या दिव्यात, चिमट्यानं आपले आठ विंचू एकेक करून प्लॅस्टिकच्या पिशवीत काढून घेतले. दहा मिनिटं लागली. मी शेजारी उभा. एकदा चुकून माझ्यातला एक त्यांच्या पिशवीत गेला, तर "सॉरी" म्हणून परत टाकला. नंतर उठले, गुडघे झटकले, बरणी माझ्या हातात दिली.

"तुमच्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. बरणी उद्या परत द्या." दोन पावलं जाऊन वळले. "धुऊन."

धुऊन! म्हणजे आम्ही न धुता देणार होतो की काय? आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामंसुद्धा परत देत नाहीत, चार लाडू घालून देतात. इथं तीन विंचू देऊन वर धुण्याची आठवण.

तेवढ्यात आईचा फोन. "काय करून राहिला रे?" मी म्हटलं, शेजारच्या काकांनी एक बरणी दिली. "अरे वा! लोणच्याची?"

लोणच्यावरूनच आठवलं. हा विंचू भिंतीवर चढतो, छताला उलटा लटकतो, पण गुळगुळीत काचेवर त्याला चढता येत नाही. म्हणून इथले लोक लहान मुलांच्या पलंगाचे पाय काचेच्या बरण्यांत उभे करतात. आजीच्या घरी दुधाच्या जाळीच्या कपाटाचे पाय मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्यांत असायचे, तसंच. चिऊच्या पलंगासाठी आम्ही गेला महिनाभर दोन्ही वेळा आंब्याचं लोणचं खाऊन बरण्या रिकाम्या करतोय. ॲसिडिटी झाली, पण तीन झाल्या. चौथा पाय सूपच्या प्लॅस्टिकच्या डब्यात होता आणि त्यावर बायकोचा काडीचा विश्वास नव्हता. रात्रीतून दोनदा उठून ती त्याच पायाशी टॉर्च मारायची.

काकांची बरणी मी तीनदा उकळत्या पाण्यानं धुतली. जाड काच, रुंद तोंड. पाय अगदी बरोबर बसला.

आज सकाळी बेल वाजली तेव्हा आम्ही आवाज न करता बसून राहिलो. संध्याकाळी ते परत येतील. वाक्य तयार आहे: आमच्याकडे बरण्या एकूण चार, काका. त्यातली एक तुमची.