आखूड दाढीला वस्तरा नको? सल्ला तपासून पाहू

आखूड दाढी ठेवणाऱ्यांना एक सल्ला सर्रास पाठवला जातो: ‘वस्तऱ्याच्या नादी लागू नका. केस राठ येतात, हमखास कापतं, गळ्यावर पुळ्या उठतात, आणि ट्रिमर तेच काम करतो.’ यातला पुळ्यांचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचे टिकत नाहीत.

केस राठ येतात, हे तर साफ चूक. केसाची जाडी त्वचेखाली मुळाशी ठरते आणि पातं तिथवर पोचतच नाही. वाढलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. कापल्यावर ते बोथट होतं, म्हणून खुंट हाताला टोचतात. मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीरशास्त्रज्ञांनी 1928 सालीच केसांची मोजमापं घेऊन हा समज खोडून काढला होता.

ट्रिमर तेच काम करतो का? दाढीची उंची 3 ते 5 मिलिमीटरवर एकसारखी राखायला ट्रिमरच हवा, तिथे वस्तऱ्याचा उपयोग नाही. पण ट्रिमरचं हलतं पातं आणि त्वचा यांच्यामध्ये एक स्थिर पातं असतं. त्यामुळे कडेबाहेर बारीक खुंट राहतातच आणि दुसऱ्या दिवशी रेघ पुसट दिसू लागते. म्हणून आधी कोरड्या दाढीवर ट्रिमर, मग कड कोरायला वस्तरा.

आता कापण्याचं. वस्तरा त्वचेशी साधारण 30 अंशांवर हवा. तो फार आडवा पडला तर केस ओढले जातात, फार उभा झाला तर त्वचा खरवडली जाते. खोल चिरा मात्र बहुधा पातं धारेच्या लांबीच्या दिशेने आडवं सरकल्यामुळे पडतात, किंवा जबड्याच्या वळणावर टोक रुतल्यामुळे. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. 5/8 सर्वसाधारण, नाकाखाली 4/8 सोयीचं. नवशिक्याने गोल टोकाचंच घ्यावं.

बोथट वस्तरा धारदार वस्तऱ्यापेक्षा जास्त कापतो, कारण तो दाबावा लागतो. दर वेळी आधी कापडी पट्ट्यावर वीसेक आणि मग चामड्यावर चाळीस-पन्नास फेऱ्या द्याव्यात. पाठ पुढे, धार मागे. टोकाशी पोचल्यावर पातं पाठीवरच उलटायचं. धारेवर उलटलं तर पट्टा चिरतो आणि धार वळते. पट्टा फक्त धार सरळ करतो. त्यानंतरही केस ओढले जात असतील, तर बारीक दगडावर धार लावावी लागेल.

‘रेघ वाकडी होते’ ही तक्रारही याच सल्ल्याला जोडून येते. तिचं मूळ बहुधा जाड फेसात असतं: कड दिसत नाही आणि हात दाढीत शिरतो. दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने केस मऊ करून पारदर्शक जेलचा पातळ थर लावा. गळ्यावरची रेघ कंठमण्याच्या दोन बोटं वर. तिथे केस खाली वाढत असतील तर पातं रेघेवर टेकवून खाली न्यायचं. गालावर उलट: वरून खाली आणून रेघेवर थांबायचं, आणि नैसर्गिक कडेवरचे सुटे केसच काढायचे. दोन्ही बाजू जुळवायला एकेक मिलिमीटर घेत गेलात तर रेघ जबड्यापर्यंत उतरते. थोडा फरक राहू द्यावा, समोरच्याला तो दिसत नाही.

पुळ्यांचं कारण वस्तरा नव्हे, तर केसाच्या उलट दिशेने त्वचा फार ताणून केलेली दाढी. ताण सुटला की कापलेलं टोक त्वचेखाली जातं आणि कुरळा केस आतच वळतो. गळ्यावर केस कुठल्या दिशेने वाढतात ते बोटाने चाचपून पाहावं, कानाखाली ते बऱ्याचदा आडवे असतात. त्वचा बेताची ताणून त्या दिशेने एकच हात फिरवावा. पुळ्या आधीच असतील तर त्या बऱ्या होईपर्यंत गळ्यावर फक्त ट्रिमर. आणि दुसऱ्याचा वस्तरा कधीच वापरू नये. रक्तातून काविळीचे बी आणि सी विषाणू पसरतात.