सर्व्हरवर ‘सगळ्यात नवा स्टेबल कर्नल’ कशाला?

नवा लिनक्स सर्व्हर उभा करायचा म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो: डिस्ट्रोचा (म्हणजे डेबियन, उबुंटू यांसारख्या तयार लिनक्सचा) कर्नल, म्हणजे हार्डवेअर नि प्रोग्रॅम सांभाळणारा सिस्टिमचा गाभा, जुनाट नि असुरक्षित असतो, कर्नलच्या अधिकृत साइटवर, कर्नल डॉट ऑर्गवर, ‘स्टेबल’ म्हणून सगळ्यात वरचा आकडा दिसतो तो उतरवा, कंपाइल करा, बिनधास्त राहा. शिवाय वेगही वाढतो म्हणे. घरच्या लॅपटॉपवर हौस म्हणून खुशाल करा. प्रॉडक्शनच्या, म्हणजे खरं काम चालणाऱ्या, मशीनवर नको.

आधी ‘स्टेबल’चं बघू. त्या पानावर याचा अर्थ एवढाच की आवृत्ती रिलीज झालीय आणि तिला सध्या फिक्सेस मिळताहेत. दर नऊ-दहा आठवड्यांनी पुढची मेनलाइन, म्हणजे मुख्य शाखेची नवी आवृत्ती, येते आणि थोड्याच दिवसांत आधीच्या स्टेबलवर ‘ईओएल’चा (एंड ऑफ लाइफ, यापुढे फिक्सेस नाहीत) शिक्का बसतो. म्हणजे वर्षातून पाचेक वेळा नुसता पॅच नाही, अख्खी नवी मालिका अंगावर घ्यायची, तिच्या नव्या बगांसकट. काही वर्षं टिकणारं हवं असेल तर एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट) मालिका असतात, जसं ५.१५, ६.१, ६.६, ६.१२. साधारण वर्षाला एक.

आता ‘जुना आकडा म्हणजे असुरक्षित’. खरी गल्लत इथे आहे. आरएचईएल ८ वर (रेड हॅट कंपनीचं लिनक्स) कर्नलची आवृत्ती दाखवणारी ‘युनेम -आर’ कमांड मारली की ४.१८ दिसतं, आणि मूळ ४.१८ आला २०१८ मध्ये. पण रेड हॅट पुढच्या कर्नलमधले सिक्युरिटी फिक्सेस, कितीतरी ड्रायव्हरसुद्धा, त्याच ४.१८ मध्ये बॅकपोर्ट करत राहते, म्हणजे मागच्या आवृत्तीत आणून बसवते. सुरुवातीचा ४.१८ हा आकडा तोच राहतो. डेबियन १२ वर तर ‘६.१.०-१३’ वाचून शून्य बघूनच लोक घाबरतात. तिथेच ‘युनेम -व्ही’ मारा, ६.१.५५-१ दिसेल. आकडा बघून बोंब मारणारे सिक्युरिटी स्कॅनरही याच चुकीत सापडतात.

उलट बाजूही आहे. २०२२ च्या मार्चमध्ये ‘डर्टी पाइप’ नावाचं कर्नलमधलं भोक बाहेर आलं, साध्या युजरला रूट, म्हणजे मशीनवरचे सगळे अधिकार, मिळवून देणारं. ते शिरलं ५.८ मध्ये. आरएचईएल ७ चा ३.१० त्यातून सुटला, कारण ती भानगड त्याच्यात आलीच नव्हती.

मग एलटीएस घेतला की झालं? तेही नाही. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस आलेल्या ६.१.६४ मध्ये एक्स्ट४ या फाइल सिस्टिमचा एक फिक्स बॅकपोर्ट झाला, पण तो कर्नलच्याच आयोमॅप या भागातल्या ज्या बदलावर उभा होता तो बदल मागेच राहिला. परिणाम: डेटा करप्ट होण्याचा धोका. डेबियनने १२.३ च्या इमेजेस थांबवल्या आणि ६.१.६६ घालून लगेच १२.४ काढली. स्वतः कंपाइल करणाऱ्याला ही बातमी कोण देणार? मेलिंग लिस्ट रोज वाचायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. निवडताना विचारायचं ते हेच: फिक्स कोण पाठवतंय, किती वर्षं, आणि गडबड झाली तर थांबवणारं कुणी आहे का.

वेगाचं म्हणाल तर ६.६ मध्ये कुठल्या प्रोग्रॅमला प्रोसेसर केव्हा द्यायचा ते ठरवणारा शेड्युलर बदलला, सीएफएस जाऊन ईईव्हीडीएफ आला हे खरं. तुमच्या डेटाबेसला त्याचा फायदा होतो का, हे मोजून बघा.

नवा कर्नल खरंच लागतो तो हार्डवेअरसाठी. नवंकोरं नेटवर्क कार्ड ‘एलएसपीसीआय’त (जोडलेली कार्डं दाखवणारी कमांड) दिसतंय पण ड्रायव्हर लागत नाही, अशा वेळी उबुंटूचा एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचा) किंवा डेबियनचा बॅकपोर्ट्समधला कर्नल घ्या, तोही अपडेटच्या वाटेनेच येतो. ओपनझेडएफएस ही कर्नलबाहेरून येणारी फाइल सिस्टिम वापरत असाल तर त्याचं चालू मॉड्यूल त्या कर्नलला चालतं का ते आधी तपासा, नाहीतर रीबूटनंतर पूल, म्हणजे तिच्यातला डिस्कचा गट, माउंटच होणार नाही.

आणि जुन्या कर्नलची खरी भीती असेलच तर आधी अपटाइम, म्हणजे मशीन किती दिवस न थांबता चाललंय ते, बघा. चारशे दिवस मिरवणाऱ्या सर्व्हरवर अपडेटने नवा कर्नल केव्हाच आणून ठेवलेला असतो. लाइव्हपॅच (रीबूट न करता चालत्या कर्नलमध्ये फिक्स घालण्याची सोय) नसेल तर रीबूट होईपर्यंत चालतो मात्र जुनाच.